बेसबॉलचा इतिहास मी लवकर संपवला

बेसबॉलची एकही मॅच मी आजवर पूर्ण पाहिलेली नाही. टीव्हीवर लागली तर चॅनल बदलतो, कारण कोण कशासाठी पळतोय हे मला अजूनही पटकन कळत नाही. पण त्या खेळाचं बालपण मला पाठ आहे. तो कुणी सुरू केला, कुणी सुरू केला असं खोटंच सांगितलं गेलं, तिकीट पहिल्यांदा कुठे लावलं, पगार घेऊन खेळणारी पहिली टीम कुठली, हे मला झोपेतून उठवून विचारा. ही विद्या मी कमावलेली नाही. एका साहेबांच्या तोंडातून निघून ती माझ्या कानांत शिरली आणि बोटांतून कागदावर गेली. जाता जाता जेवढी आत चिकटली तेवढी अजून निघत नाही. घरी पाहुणे आले की बायको आधीच सांगून ठेवते, ह्यांना बेसबॉलचं काही विचारू नका. मग पाहुणे हमखास विचारतात.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी दुबईत, अल मनखूलला एका फ्लॅटच्या एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहायचो. बायको अबुधाबीला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला, मुलगी तिच्याजवळ, पहिलीत. मी पंप विकणाऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी होतो. गुरुवारी अर्धा दिवस. दीडला ऑफिसमधून निघायचं, शेअर टॅक्सीच्या स्टँडवर जायचं, टॅक्सी भरेपर्यंत बसायचं आणि चार वाजता अबुधाबीला पोचायचं. शुक्रवारी रात्री आठला परत. म्हणजे आठवड्यातले अठ्ठावीस तास मी नवरा आणि बाप होतो, उरलेले सगळे स्टेनो.

त्या वर्षांचं काय आठवतं असं कुणी विचारलं तर मला थकवा आठवतो. अंगमेहनतीचा नव्हे, तो तर माझ्या नशिबातच नव्हता. मागच्या सीटवर मधे बसून दोन्ही बाजूंच्या झोपलेल्या पठाणांची डोकी खांद्यावर घेऊन अख्खा रस्ता जाण्याचा. आणि पोचल्यावर मुलीशी काय बोलायचं ते न सुचण्याचा. एकदा मी दारात बूट काढत होतो तर ती म्हणाली, "बाबा, आय ऑलरेडी एट युवर समोसा." तिच्या आवाजात अपराधाचा मागमूस नव्हता. जो वेळेवर येत नाही त्याचा समोसा खायचा असतो, एवढं तिला पहिलीतच कळलं होतं.

अशात मला अबुधाबीत नोकरी चालून आली. एका कन्सल्टंटचं ऑफिस, बायकोच्या हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटं. पगार इथल्याएवढाच, पण घर एक होणार होतं. अडचण एकच होती, एनओसी. तिकडे राहिलेल्यांना ह्या तीन अक्षरांचं वजन सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: तुमच्या कंपनीनं ‘हा माणूस दुसरीकडे गेला तर आमची हरकत नाही’ असं लिहून द्यायचं. नाही दिलं, तर व्हिसा रद्द, पासपोर्टवर बॅनचा शिक्का आणि सहा महिने देशाबाहेर. अबुधाबीवाले सहा महिने थांबणार नव्हते. ईदपर्यंत थांबतो म्हणाले होते, तेही बायकोच्या लॅबमधल्या कुणीतरी शब्द टाकला म्हणून. ते पत्र द्यायचं की नाही हे आमच्या अमेरिकन साहेबांच्या सहीवर होतं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? आत जाईल आणि मागेल. पण आमच्या घराण्यात थेट मागायची रीत नाही. माझे वडील सरकारी नोकरीत होते. बदली हवी म्हणून ते एक अख्खा हंगाम आपल्या साहेबांकडे घरचे पेरू नेत राहिले. पेरूंबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे, साहेबांच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचे. बदलीचा शब्द कधी तोंडातून निघाला नाही. त्याच गावातून रिटायर झाले. साहेब निरोपाच्या भाषणात पेरूंचा उल्लेख करून गहिवरले होते.

मी पेरू नेले नाहीत. मी म्हणालो, सर, तुमचं पुस्तक मी टाइप करून देऊ का?

साहेब साठीचे. उंच, पाठीत थोडे वाकलेले, एकटेच. बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळाचा इतिहास लिहायचं त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. खोक्यांत कात्रणं, वह्या, चिठ्ठ्या, आणि अक्षर असं की त्यांचं त्यांना लागत नव्हतं. मला लागायचं. माझ्या ह्या एका गुणाचं मला फार कौतुक होतं. ठरलं असं की गुरुवारी ऑफिस सुटल्यावर दोन तास त्यांनी सांगायचं आणि मी शॉर्टहँडमध्ये घ्यायचं. आठवडाभर फावल्या वेळात कॉम्प्युटरवर चढवायचं. म्हणजे चारऐवजी सहा-साडेसहाला अबुधाबी. थोडे दिवस, मी बायकोला म्हणालो. आधी त्यांचं मन वळू दे, मग विषय काढतो.

खरं सांगायचं तर पहिली काही प्रकरणं मला आवडली. सुरुवातीला हा खेळ न्यूयॉर्कचे कारकून खेळायचे, बँकांतले, दुकानांतले, दुपारी काम आटोपून. मॅचपेक्षा मॅचनंतरचं जेवण मोठं असायचं. कारकुनांनी काढलेला खेळ म्हटल्यावर मी खुर्चीत जरा ताठ बसलो. त्या काळी चेंडू एक टप्पा पडून झेलला तरी गडी बाद. मी पेन्सिल थांबवून म्हणालो, सर, हा नियम आमच्या चाळीच्या मागे होता, एक टप्पा आउट. त्याच्याही आधी म्हणे पळणाऱ्याला चेंडू फेकून मारायचा, लागला की बाद. ही तर आमची आबाधुबी. साहेबांनी ते दोन्ही शब्द वहीत लिहून घेतले आणि माझे आभार मानले. पुढे एका खेळाडूनं हाताला लागतं म्हणून ग्लव्ह घातला, पण लोक हसतील म्हणून कातडीच्या रंगाचा, दिसू नये असा. लोक हसलेच. ह्या माणसाबद्दल मला फार जवळीक वाटली.

साहेब वाईट असते तर सोपं होतं. ते मला स्वतःच्या हातानं कॉफी आणून द्यायचे. माझ्या मुलीचं नाव त्यांच्या लक्षात होतं. रेसकोर्सच्या मैदानावर पहिल्यांदा पैसे घेऊन लोकांना आत सोडलं आणि त्या दिवसापासून खेळाचा धंदा झाला, हे सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा, घरातलं कुणी बिघडल्याची गोष्ट सांगावी तसा. अशा माणसाला मधेच तोडून आपलं तुणतुणं कसं वाजवायचं? मी प्रत्येक गुरुवारी ठरवायचो आणि प्रत्येक गुरुवारी म्हणायचो, पुढच्या.

बायको दार उघडताना एकच प्रश्न विचारायची, विषय काढलात का. मग नुसती भुवई उचलायला लागली. एकदा तिनं सुचवलं, टायपिंगमध्ये चुका करा, वैतागून सोडतील. मी खरोखर प्रयत्न केला. एका पानात चार चुका ठरवून घातल्या. प्रिंट काढलं, टेबलावर ठेवलं, जेवायला गेलो, आणि अर्ध्या जेवणातून उठलो. परत येऊन चारही दुरुस्त केल्या. वर एक तळटीपही घातली.

आमच्या कंपनीचा पीआरओ, म्हणजे लेबर ऑफिस, इमिग्रेशन असल्या खेपा घालणारा माणूस, रत्नागिरीकडचा होता. वीस वर्षं गल्फमध्ये मुरलेला. मी काय चालवलंय ते त्यानं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "भाय, तू त्याची कवळी झालायस," तो म्हणाला. "आपली कवळी कोण दुसऱ्याला देतो काय?"

मी हसलो, पण ते मला लागलं. मी आत्तापर्यंत दहा प्रकरणं टाइप केली होती, त्यांची सूची केली होती, खोक्यांतल्या कात्रणांना नंबर दिले होते. मी गेलो तर ते पुस्तक लिहिणं साहेबांना शक्यच नव्हतं. ही सोय मीच केली होती, दर गुरुवारी, मन लावून.

रमजान लागला. ऑफिस दोनला सुटायला लागलं आणि साहेबांना आनंद झाला, कारण आता रोज सांगता येणार होतं. दिवसा उघड्यावर चहापाणी नाही, म्हणून केबिनचं दार लावून ते कॉफी घ्यायचे आणि मी लिहायचो. त्या आठवड्यात त्यांनी मालकांचं प्रकरण सांगायला घेतलं.

झालं होतं असं की खेळाडू जास्त पैसे मिळाले की क्लब बदलायचे. मालक वैतागले. ते गुपचूप एकत्र बसले आणि ठरवलं, प्रत्येक क्लबनं आपल्या पाच खेळाडूंची यादी द्यायची. त्या पाचांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आपल्या मालकाकडे खेळा, नाहीतर कुठेच खेळू नका. गंमत म्हणजे बातमी फुटली तेव्हा खेळाडूंना आधी अभिमानच वाटला. आपण पहिल्या पाचांत आहोत, म्हणजे आपल्यावाचून अडतं. पुढे पाचाचे अकरा झाले, मग सगळी टीम, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. हे सांगताना साहेब खुर्चीतून उठले. माणसाला मालमत्तेसारखं धरून ठेवलं, ते म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

माझी पेन्सिल थांबली होती. साहेबांनी वळून विचारलं, फास्ट जातोय का मी?

मी म्हणालो, नो सर.

पण खोलीवर आल्यावर मला राहवेना. दुसऱ्या दिवशी ते प्रकरण टाइप केलं आणि त्याच फोल्डरमध्ये, शेवटच्या पानाच्या मागे, माझा एनओसीचा अर्ज ठेवला. एवढं वाचल्यावर त्यांना वेगळं काही सांगायची गरज उरणार नाही असं मला वाटलं. स्वतः मागायचंही नाही आणि मागितलंही जाईल, अशी ती युक्ती होती. मला ती फार बारीक वाटली.

गुरुवारी दुपारी साहेब फोल्डर घेऊन माझ्या टेबलापाशी आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रकरण उत्तम झालंय म्हणाले. मग अर्ज उचलून दाखवला. "हे वाचलं," ते म्हणाले. "तुला कसं सोडू? मला यादी करायला सांगितली तर पहिल्या पाचांत पहिलं नाव तुझं असेल."

मी म्हणालो, थँक यू सर.

आणि हे मी कुणाला सांगत नाही, पण मला खरंच बरं वाटलं. टॅक्सीत अर्धा रस्ता मी त्या वाक्यावर खूष होतो. रस्त्याच्या मधे कुठेतरी, बाहेर नुसती वाळू आणि विजेचे खांब असताना, हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. तरी घरी पोचल्यावर मी बायकोला ते कौतुक म्हणूनच सांगितलं. ती भेंडी चिरत होती.

"म्हणजे नाही म्हणाले," ती म्हणाली.

"नाही असं नाही म्हणाले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मी सांगितलं. तिनं उरलेल्या भेंड्या संपवल्या, विळी धुतली, जागेवर ठेवली. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती इतकंच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येऊ नका. तिथंच थांबा आणि तोंडानं विचारा. हो किंवा नाही, जे काय असेल ते घेऊन या. मला आता दार उघडून तुमच्या तोंडाकडे बघायचा कंटाळा आलाय."

मुलगी हॉलमध्ये रंगवत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "सो ही इज नॉट कमिंग?"

त्या शनिवारी मी आत गेलो आणि विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा साहेबांसमोर वही न घेता उभा होतो, त्यामुळे हात कुठे ठेवायचे कळेना. सगळं सांगितलं: बायको, मुलगी, टॅक्सी, ईदची मुदत. साहेब ऐकत राहिले. त्यांना दुःख झालेलं स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचं मलाच वाईट वाटायला लागलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे, पुस्तक झालं की मी सही करतो. शब्द आहे माझा.

त्यांचा शब्द खोटा नव्हता. पण पुस्तकाची वीस प्रकरणं ठरली होती आणि आम्ही तेराव्यात होतो. ईदला अठरा दिवस होते. साहेबांना विसाव्या शतकात जायचं होतं, नवी स्टेडियम्स, नवे मालक, वर्तमानपत्रं, रेडिओ. आणि अगदी शेवटी, पाऊणशेहून जास्त वर्षांनी, तो यादीचा नियम कोर्टकचेऱ्या आणि भांडणांनंतर मोडला आणि खेळाडू सुटले, तिथे त्यांना पुस्तक संपवायचं होतं. ह्या वेगानं खेळाडू सुटेपर्यंत माझी मुलगी मॅट्रिक झाली असती.

तेरावं प्रकरण खेळाडूंच्या बंडाचं होतं. सगळे एके वर्षी मालकांना सोडून गेले आणि स्वतःची लीग काढली. लोक बघायला आले, पण ज्यांनी पैसे लावले होते त्यांचा धीर सुटला. एका हंगामात सगळं आटोपलं. खेळाडू खाली मान घालून परत आले आणि त्याच कागदावर सह्या केल्या.

साहेब हे तीन दिवस तुकड्यातुकड्यांनी सांगत होते, मधेमधे घोड्यांच्या ट्रामबद्दल, एका पिचरच्या, म्हणजे त्यांच्या बोलरच्या, दारूबद्दल, तिसऱ्याच कशाबद्दल बोलत. चौथ्या दिवशी त्यांना मीटिंगला शारजाला जावं लागलं. मी माझ्या वह्या काढल्या. शब्द सगळे त्यांचेच घेतले, एकही माझा नाही. पण ट्राम काढली, दारू काढली, पाच पानं मागची एक ओळ पुढे आणली. परत येऊन सह्या करणाऱ्या माणसांवर प्रकरण आणलं आणि तिथे थांबलो. खाली मधोमध लिहिलं, समाप्त, अर्थात इंग्रजीत. सूची जोडली, पानांचे नंबर बदलले. सगळ्याला एक दुपार लागली. इतिहास संपवायला फार वेळ लागत नाही.

साहेबांनी केबिनचं दार लावून ते वाचलं. तास गेला. मी बाहेर कॉम्प्युटरसमोर बसून एकाच पंपाचं कोटेशन पुन्हा पुन्हा वाचत होतो. दार उघडलं.

"हे मी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"तुमचेच शब्द आहेत, सर."

"आणि पुढचं? शंभर वर्षं राहिली आहेत."

मी म्हणालो, "सर, पुस्तकाच्या नावात सुरुवातीचा काळ आहे. ह्याच्यानंतर सुरुवात राहत नाही."

त्यांनी शेवटचं पान पुन्हा एकदा वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. शेवट चांगला होता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही कळलं होतं. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला घाई आहे," ते म्हणाले.

"हो सर."

इतक्या वर्षांत त्यांना दिलेलं हे माझं बहुधा पहिलंच सरळ उत्तर. त्यांनी मान हलवली, आत गेले आणि अर्ज घेऊन आले. तिथंच, माझ्या टेबलावर, सही केली. पीआरओ तो कागद घेऊन शिक्क्याला पळाला. जाताना म्हणाला, खलास, आता साहेब पुन्हा विचार करायच्या आत मी गेलो.

ते पुस्तक छापलं गेलं का, मला माहीत नाही. साहेब दोनेक वर्षांनी परत गेले, खोकी बरोबर घेऊन. मी एकदा ईदला फोन केला होता. बोलायला फार काही नव्हतं. एका नव्या माणसाला त्यांचं अक्षर लागत नाही एवढं त्यांनी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे.

मी एनओसी घेऊन अबुधाबीला पोचलो तेव्हा रोजा सुटायची वेळ होत आली होती आणि रस्ते रिकामे होते. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फोल्डर मांडीवर, सगळा रस्ता दोन्ही हातांनी धरलेला. बायकोनं तो दिव्याखाली नेऊन वाचला. तारीख बघितली, शिक्का बघितला, सहीवरून बोट फिरवलं. लॅबमधली सवय. मग खुर्चीवर बसली. आम्ही दोघंही इतके दमलो होतो की आनंद व्हायला जरा वेळच लागत होता.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग पुस्तक कुठे संपवलंत?"

मी सांगितलं. बंड, एक हंगाम, परत येऊन सह्या.

"पण ते सुटले ना नंतर? तुम्हीच म्हणाला होतात."

"सुटले. बऱ्याच वर्षांनी."

"मग त्यांनाही सोडवायचं होतंत."

"त्याला अजून सात प्रकरणं लागली असती," मी म्हणालो.

तिनं कागद घडी न घालता फोल्डरमध्ये ठेवला, फोल्डर कपाटात साड्यांच्या खाली सरकवला, आणि मला म्हणाली, हात धुऊन घ्या.